टर्कीची भिशी

कोल्हापुरात परदेशी सहली बऱ्याचदा भिशीतून निघतात. उद्यमनगरातली लेथवाली, शिरोलीतली फौंड्रीवाली, त्यांचे व्याही, शेजारी, एखादे रिटायर्ड सर अशी सात-आठ घरं दर महिन्याला पैसे बाजूला टाकतात आणि दोन-तीन वर्षांनी कुठं तरी उडतात. पहिली फेरी थायलंड, दुसरी दुबई, तिसऱ्याला युरोप परवडत नाही म्हणून टर्की. टर्कीचा एक तुकडा युरोपात आहे एवढं घरी सांगायला पुरतं. शाहूपुरीतल्या माझ्या टूर्सच्या ऑफिसचा निम्मा धंदा या भिश्यांवर चालतो.

२०२५ च्या मे महिन्यात अशीच एक टर्कीची भिशी माझ्या टेबलावर फुटली.

अठरा माणसं. ८ जूनला मुंबईहून आखाती मार्गे इस्तंबूल, मग कॅपाडोकियाचे बलून, पामुक्कले, अंताल्या. मार्चमध्येच ॲडव्हान्स भरलेला, पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईला गेलेले. बायकांची खरेदी सुरू झाली होती. आणि मग २२ एप्रिल आला.

पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं गेली. पंचवीस पर्यटक आणि एक तिथलाच घोडेवाला. महाराष्ट्राचे सहा, त्यातले तीन एकट्या डोंबिवलीचे. माझी एक पार्टी तेव्हा श्रीनगरात हॉटेलवर होती. आदल्या रविवारी रामबनला डोंगर खाली आल्यानं जम्मूचा हायवे बंद, म्हणजे परत यायचं तर विमानच. दुसऱ्या दिवशी अख्खं खोरं हल्ल्याच्या निषेधात बंद होतं. सरकारनं आणि विमान कंपन्यांनी जादा विमानं सोडली, तेव्हा कुठं आमची माणसं घरी पोचली. ते दोन दिवस मी फोन कानाला लावूनच जेवले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तेव्हा भांडायला कुणाला सवडच नव्हती. सगळ्यांना फक्त माणसं घरी हवी होती.

भांडण नंतर आलं. ७ मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या सैन्यानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी मारा केला. मग बत्तीस विमानतळ बंद, रोज रात्री ड्रोन, आणि १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी. त्या चार दिवसांत टर्की उघड पाकिस्तानच्या बाजूनं उभी राहिली. पडलेल्या ड्रोनचे अवशेष टर्कीच्या बनावटीचे दिसतात, असं सरकारच्या पत्रकार परिषदेतच सांगितलं गेलं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी टर्कीचं सफरचंद घ्यायचं बंद केलं, उदयपूरच्या व्यापाऱ्यांनी संगमरवर. आणि माझा फोन परत वाजायला लागला.

१५ मे, गुरुवार. सगळे मिळूनच येतो म्हणाले. माझ्याकडं खुर्च्या सहा, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणखी मागवल्या. तरी चौघं उभेच.

या मंडळींची ओळख नावानं करून देत नाही, ऑफिसात आम्ही म्हणतो तसंच म्हणते. भिशी चालवणारे आण्णा, त्यांची शिरोलीला फौंड्री. त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. सर, म्हणजे आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. सुभेदारमामा, सैनिक टाकळीचे. त्या गावात घर टाकून घर फौजी. आणि एक वहिनी, ज्यांची सख्खी बहीण डोंबिवलीत राहते. बाकीचे अधूनमधून बोलत होते, पण भांडण या पाचांचं.

आण्णांनी सुरुवातच केली, "ताई, टर्की कॅन्सल. आपल्या पैशानं ड्रोन घेऊन ती लोकं आपल्यावरच सोडणार? फुल्ल रिफंड काढा."

मी म्हटलं, "कॅन्सल करूया की. रिफंडचं मग बोलू."

"मग कशाला? देशासाठी करालोय. त्यात कटिंग कसलं?"

सर हळूच म्हणाले, "आण्णा, गेल्या वर्षी टर्कीला पाच कोटींच्या वर परदेशी माणूस गेला. त्यात आपले सव्वातीन लाखांच्या आसपास. आपण अठरा जण नाही गेलो तर अंकाऱ्यात कुणाच्या चहात साखर कमी पडणार आहे?"

"थेंबे थेंबेच तळं साचतंय सर."

"साचतंय. मग तुमच्या नव्या बंगल्याच्या हॉलमधला मार्बल कुठला?"

आण्णा गप्प. आमचा काउंटरवरचा पोरगा हसला, त्याला मी डोळे वटारले.

इथवर हे नेहमीचं कोल्हापुरी भांडण होतं, मिसळीच्या टेबलावर होतं तसलं. पण आण्णांचा मुलगा तयारी करून आला होता. तो म्हणाला, सव्वातीन लाखांचा प्रश्नच नाही. टर्की स्वतः काय करते ते बघा. कुर्दांच्या पीकेके या सशस्त्र संघटनेवर बॉम्ब टाकायला ती इराकच्या हद्दीत घुसते, २०१६ मध्ये सिरियात रणगाडे घातले. तेव्हा ते आत्मसंरक्षण. आपण बहावलपूर आणि मुरीदकेला मारलं की तिला आंतरराष्ट्रीय कायदा आठवतो. "हा दुटप्पीपणा आहे आणि त्याला किंमत लावलीच पाहिजे. नाही लावली तर पुढच्या वेळी आणखी चार देश तेच करतील."

मुद्दा बिनतोड होता. सरांनीही मान हलवली. "खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. चाळीस वर्षं मारून झाल्यावर ह्या सोमवारी काय झालं, वाचलंस?"

पोरानं वाचलं नव्हतं. मीही नाही. आमच्या धंद्यात बातमी विमानतळ उघडा की बंद एवढीच वाचली जाते. सरांनी सांगितलं. पीकेकेनं १९८४ मध्ये बंदूक उचलली, तेव्हापासून चाळीस हजारांच्या वर माणसं मेली. त्यांचा म्होरक्या ओजलान १९९९ मध्ये केनियात पकडला गेला, तेव्हापासून एका बेटावरच्या तुरुंगात. गेल्या फेब्रुवारीत त्यानंच तुरुंगातून संघटना विसर्जित करा म्हणून सांगितलं, आणि १२ मेला संघटनेनं तसं जाहीर केलं. "म्हणजे एवढं रक्त सांडून शेवटी बोलावं लागलंच. ज्याला अतिरेकी म्हणून बेटावर टाकला, त्याच्याशीच."

"बोलला कारण आधी मार बसला," सुभेदारमामा म्हणाले.

तोवर मामांनी तोंड उघडलं नव्हतं. चहाचा कप बशीसकट मांडीवर धरून बसले होते.

"मार बसूनही चाळीस वर्षं लागली, मामा."

"मार नसता बसला तर ऐंशी लागली असती."

एकच घटना, तारखेसकट दोघांनाही मान्य. आणि दोघांनीही ती आपापल्या बाजूला उभी केली. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त हेच लक्षात राहिलं. टीव्हीवर माणसं भांडतात तेव्हा वाटतं, एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही. इथं दोघांना सारखीच माहिती होती.

मग २६/११ निघालंच. सरांचं म्हणणं असं, की १६६ माणसं मेली तरी आपण तेव्हा पाकिस्तानवर मारा केला नाही. जिवंत पकडलेल्या कसाबवर उघड्या कोर्टात खटला चालवला, अपील, दयेचा अर्ज, सगळं होऊन २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये येरवड्यात फाशी. त्यामुळं जगाला आपली बाजू समजावून सांगावी लागली नाही. अतिरेक्यांच्या पैशावर नजर ठेवणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या ग्रे लिस्टमध्ये पाकिस्तान २०१८ मध्ये गेला, त्यात हाही वाटा होता. त्याच कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला गेल्याच महिन्यात अमेरिकेनं आपल्या ताब्यात दिलं.

"सोळा वर्षांनी!" पोरगा उसळला. "सोळा वर्षांनी एक माणूस! त्या सोळा वर्षांत उरी झालं, पुलवामा झालं."

"आणि ग्रे लिस्टमधनं २०२२ ला भाईर आलं की ते," मामांनी जोड दिली. "तीन वर्षात पहलगाम."

सर म्हणाले, "बरोबर. पण उरीनंतर हद्द ओलांडून मारलं, पुलवामानंतर बालाकोटला विमानं पाठवली. पहलगाम त्यानंतरचंच."

यावर कुणाकडंच काही नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता आणि खाली रस्त्यावर कुणी तरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होतं. आण्णा म्हणाले, "बिंदू चौकात लावायला पायजे ही सभा." सगळे हसले, जरा मोकळं झालं.

मला वाटलं होतं फौजी माणूस आणि तरुण पोरगा एका बाजूला असतील. झालं उलटंच. पोरगा म्हणाला, १० तारखेला थांबायलाच नको होतं, आणखी चार दिवस दिले असते तर कायमचा निकाल लागला असता. तेव्हा मामांनी कप खाली ठेवला.

"कायमचा म्हंजे काय रं?"

"म्हणजे... परत हिंमत होणार नाही असा."

"ऑपरेशन पराक्रमला, २००१ ला, मी राजस्थानच्या हद्दीवर होतो. पार्लमेंटवर हल्ला झाला, लगेच आमाला हलवलं. डिसेंबरला गेलो ते पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. सुरुंग पेरले. मग काढा म्हणाले, तेच काढले. लढाई झालीच न्हाई, तरी माणसं गेली. सुरुंगानं, गाडी उलटून, उन्हानं. कुणाच्या गावात पुतळा न्हाई त्यांचा." थोडं थांबून म्हणाले, "मारायचं तर मारावं. सात तारखेला मारलं, मला बरं वाटलं. दहाला थांबले, तेबी बरं वाटलं. दोन्ही बरं वाटतंय म्हणून कोण मला भेकड म्हणत असंल तर म्हणू दे."

कुणी म्हटलं नाही. पण पोराला पटलंही नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला त्याचंही कौतुक वाटलं. वयानं मोठ्या माणसानं रणांगणाचं नाव काढलं की आपल्याकडं वाद संपतो. तो संपावाच असं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही दहा महिने थांबलात आणि काही केलं नाही, म्हणून तर त्यांना वाटलं की भारत नुसता जमवाजमव करतो. मुंबई त्यातनंच झाली." मामा म्हणाले, "असंल." एवढंच.

वहिनी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांना कुणी तरी विचारलं, तुमचं काय? त्या म्हणाल्या, "मला ते ड्रोन आणि ग्रे लिस्ट काय कळत नाही. बहिणीच्या गल्लीच्या पलीकडं एक घर आहे. तिथली माणसं सुट्टीला म्हणून गेलेली. मला आता बलूनमध्ये बसून फोटो काढायचं मन होईना झालंय. टर्कीनं कुणाची बाजू घेतली नसती तरी झालं नसतं."

इतका वेळ राष्ट्रांनी काय करावं ते चाललं होतं. ह्या बाईनं स्वतःचं काय ते सांगितलं आणि चर्चेची गाडी रुळावरून खाली उतरली. आता प्रश्न जायचं का, एवढाच उरला.

मी कॅल्क्युलेटर पुढं ओढला. माझं कामच ते. हॉटेल, बस आणि गाईडचे पैसे इस्तंबूलच्या ऑपरेटरकडं. त्याचा नियम, निघायच्या तीस दिवसांच्या आत रद्द केलं तर निम्मे परत, पंधरा दिवसांच्या आत शून्य. चोवीस दिवस उरले होते. विमान तिकीट ग्रुपचं, त्याचा कर सोडला तर हातात फारसं काही नाही. व्हिसाची फी गेली. माझी सर्व्हिस फी मी सोडणार होते, आणि ते आधीच सांगून टाकलं, कारण घासाघीस करून सोडायची मला इच्छा नव्हती.

पोरगा म्हणाला, रद्द नको तर निदान तिकीट तरी आपल्या कंपनीचं काढूया. त्याला मी सांगितलं, की इंडिगोची इस्तंबूलची मोठी विमानं टर्किश एअरलाइन्सकडूनच भाड्यानं घेतलेली आहेत. तो बघतच राहिला. आमच्या धंद्यात असल्या गाठी पावलोपावली लागतात. बाहेरून बघणाऱ्याला देश म्हणजे नकाशावरचे वेगवेगळे रंग वाटतात. आत आलं की विमान एकाचं, पायलट दुसऱ्याचा, बॅगा उचलणारा तिसऱ्याचा. त्याच दिवशी आपल्या सरकारनं सेलेबी या टर्कीच्या कंपनीची सुरक्षा परवानगी काढून घेतली. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर सामान हाताळणीचं बरंच काम तीच करत होती, हे त्या दिवसापर्यंत ऑफिसातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

हिशेब चालू असताना इस्तंबूलच्या ऑपरेटरचा मेसेज आला. त्याच्याकडं भारतातून दिवसभर रद्दचेच निरोप येत असणार. रिफंड वाढवता येत नाही, पण तारीख बदलून हवी तर पुढच्या मार्चपर्यंत एक पैसा न घेता देतो, असं त्यानं लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या विमानतळावर बॉम्ब फुटले, पुढच्या नववर्षाच्या रात्री क्लबात गोळीबार झाला, तेव्हा वर्षभर तो घरी बसला होता. तेव्हाही सगळे म्हणाले टर्कीला जाऊ नका.

मी तो मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. दाखवावा की नाही हा विचार मनात आला होता. त्या क्लबात मेलेल्या ३९ जणांत दोन भारतीय होते, हेही सांगितलं, कारण ते मला माहीत होतं. सर म्हणाले, तारीख बदलून घेऊ. पोरगा म्हणाला, त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण त्याचं सरकार त्यानंच निवडलंय. मामा काही बोलले नाहीत.

शेवटी आण्णांनी भिशीचाच मार्ग काढला, चिठ्ठ्या. टेबलाखाली पेढ्याचा रिकामा बॉक्स होता तो घेतला. घरटी एक चिठ्ठी, असं ते म्हणाले, तर त्यांचीच बायको उठली. "मी काय मोकळी बसून खाल्लंय होय? मीबी हप्ता भरलाय." मग माणशी एक. पोरगा सहलीला होता, त्यालाही एक. अठरा चिठ्ठ्या मी उघडल्या. रद्द, अकरा. जायचं, चार. तीन कोऱ्या.

कोऱ्या कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र त्या तिघांशी बोलायला आवडलं असतं.

माझं मत विचाराल तर मी रद्दची चिठ्ठी टाकली असती. अंकाऱ्याचं वाकडं होईल म्हणून नव्हे, ते होत नाही हे सरांच्या आकड्यांनी दाखवलंच होतं. सहल म्हणजे मौज, आणि मौज कुठं करायची हे ठरवताना माणसाला राग यायचा हक्क आहे. पण त्या रागाचे पैसे आपल्या खिशातून जायला हवेत. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात देशासाठी रद्द करणारे पुष्कळ आले, आणि निम्मे पैसे जातील म्हटल्यावर 'आठ दिवसांनी कळवतो' म्हणणारेही त्यातलेच. मामांनी मात्र खिशातून चष्मा काढला, रद्दच्या फॉर्मवर सही केली आणि किती कापणार हे न विचारताच कागद माझ्याकडं सरकवला.

"मग जायचं कुठं?" हा प्रश्न बायकांकडून आला. भिशी मोडायला कुणी तयार नव्हतं. एक जण म्हणाला, "बाकूला जाऊया की, टर्कीपेक्षा स्वस्त हाय." सरांनी कपाळाला हात लावला. बाकू म्हणजे अझरबैजान, आणि त्यानंही पाकिस्तानची बाजू घेतल्यानं तिथलंही रद्द चाललं होतं. त्यावर इतकं हसू झालं की झेरॉक्सवाला डोकावून गेला.

हसू ओसरलं, कुणी तरी व्हिएतनामचं नाव काढलं, तेव्हा सर म्हणाले, "काश्मीरला जाऊ."

एकदम कुणी काही बोललं नाही. श्रीनगरचं विमानतळ उघडून दोनच दिवस झाले होते. तिथल्या सरकारनं एप्रिलअखेर ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली होती, ती तशीच होती. सर म्हणाले, आत्ता नाही म्हणत मी. पण ज्यांनी मारलं त्यांना तिथं पर्यटक नको होते. आपण बाकूला जायचं नाही म्हणतो, व्हिएतनामला जायचं म्हणतो, आणि काश्मीरचं नाव काढलं की खाली बघतो. हे त्यांच्या मनासारखंच झालं.

"सेफ आहे का पण?" हे पोरानं विचारलं. आणखी चार दिवस लढायला हवं होतं म्हणणाऱ्यानं. मी त्याला हसले नाही. वीस वर्षांचा आहे आणि प्रश्न योग्यच होता. आण्णांनी विम्याचं विचारलं. मी पॉलिसी काढून दाखवली, युद्ध झालं तर काही मिळत नाही. अतिरेकी हल्ल्याचं कव्हर काही पॉलिसीत असतं, काहीत वेगळं घ्यावं लागतं. आण्णा म्हणाले, बघू.

वहिनी म्हणाल्या, "मी येते. ऑक्टोबरला."

बलूनमध्ये बसायचं मन होत नाही म्हणणाऱ्या वहिनी. बहीण काय म्हणेल, असं कुणी तरी विचारलं. "तिलाच घेऊन जाणार आहे," म्हणाल्या. सर, त्यांच्या मिसेस, मामा आणि मामी त्यांच्यामागून. बाकीच्यांचं व्हिएतनाम ठरलं.

जूनमध्ये चिनाबच्या पुलावरून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. मामांनी पेपरचं कात्रण घेऊन येऊन विचारलं, ह्या गाडीनं जाता येईल का. ऑक्टोबरमध्ये ते सगळे गेले, पहलगामलाही गेले. आल्यावर मामींनी अक्रोडाची पिशवी आणून दिली आणि घोडेवाल्यानं किती मागितले, किती दिले याचा सविस्तर हिशेब ऐकवला. सर आणि मामा तिथंही शिकाऱ्यात बसून भांडत होते, असं वहिनी म्हणाल्या.

टर्कीचे निम्मे पैसे ऑगस्टमध्ये आले. मी सगळ्यांच्या खात्यावर टाकले. आण्णांचा दुसऱ्या दिवशी फोन. "ताई, जेवढं कापलंय त्याचं बिल फौंड्रीच्या नावानं द्या. खर्चात टाकतो." सहल घरची होती, कंपनीच्या नावानं बिल देता येत नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते अजून नाराज आहेत. पुढच्या भिशीचं बुकिंग त्यांनी राजारामपुरीत दुसरीकडं केलंय, असं कानावर आलं.